मदत हवी आहे: घरफोडीचा पोलीस रिपोर्ट शेरीफ ऑफिसकडून कसा मागवायचा? (सॅमॅमिश, वॉशिंग्टन)

केतकी_सॅमॅमिश

नमस्कार मंडळी,

आम्ही सुट्टीत भारतात गेलो होतो, तेवढ्यात घर फोडलं. मागच्या सरकत्या दाराची काच फोडून आत शिरले आणि बेडरूममधलं कपाट साफ केलं. लॅपटॉप, टीव्ही जागच्या जागी. गेलं ते फक्त सोनं, त्यात सासूबाईंच्या पाटल्याही गेल्या. शेजाऱ्यांनी ९११ला फोन केला, डेप्युटी, म्हणजे शेरीफचे पोलीस, येऊन फोटो काढून गेले, परत आल्यावर आम्ही गेलेल्या वस्तूंची यादी दिली. हातात आहे ते केस नंबर लिहिलेलं एक कार्ड.

आता इन्शुरन्सवाला म्हणतो, नुसता नंबर चालणार नाही, पूर्ण रिपोर्ट हवा.

गोंधळ असा की गाड्यांवर सॅमॅमिश पोलीस लिहिलेलं असतं आणि कार्डावर किंग काउंटी शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस. मागायचं कुणाकडे? आसपास आधीही घरफोड्या झाल्यात असं ऐकते, त्याची माहिती आपल्याला देतात का? डेप्युटींच्या बॉडीकॅमच्या, म्हणजे अंगावरच्या कॅमेऱ्याच्या, व्हिडिओचं काय? नवऱ्याची धास्ती वेगळीच आहे. आम्ही एच-वन व्हिसावर, ग्रीन कार्ड रांगेत. पोलिसांकडे कागद मागितले म्हणून नाव कुठे चढत नाही ना? आणि माझी धास्ती अशी की आम्हाला मागता येतं तर उद्या कुणीही आमच्या दागिन्यांची यादी मागेल की!

वकील करा, एवढं सोडून काहीही सांगा.

खारीबिस्कीट

वाचून वाईट वाटलं. सोनं बँकेच्या लॉकरमध्येच ठेवावं हो. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांनाही पाठ झालंय.

केतकी_सॅमॅमिश

हो दादा, ते आता आईही रोज फोनवर सांगते.

रेनियरकर

ताई, मी इथल्याच एका शहराच्या क्लार्क ऑफिसात रेकॉर्डचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मागायचं कुणाकडे ते. सॅमॅमिशचं स्वतःचं पोलीस खातं नाही, शहर किंग काउंटी शेरीफकडून कंत्राटावर पोलीस घेतं. शोरलाइन, बुरियन, वुडिनव्हिल, न्यूकॅसल इथेही तसंच. म्हणून गाडीवर शहराचं नाव आणि रेकॉर्ड काउंटीकडे. बेलव्ह्यू, रेडमंड, इसाक्वा यांची खाती स्वतंत्र आहेत, तिथला माणूस शेरीफकडे गेला तर हात हलवत परत येईल. तुमचा अर्ज शेरीफ ऑफिसच्या पब्लिक रेकॉर्ड विभागाकडे जाईल. काउंटीच्या वेबसाइटवर त्याचं पोर्टल आहे, पत्रानेही चालतं. वकील लागत नाही.

कायदा वॉशिंग्टन राज्याचा आहे, पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. १९७२ साली लोकांनी थेट मतदानाने आणलेला. नेटवर जिथे तिथे 'फोया' हा माहिती मागायचा दुसरा कायदा दिसेल, पण तो फेडरल खात्यांसाठी आहे, काउंटीला लागू नाही. अर्जात त्याचं नाव घातल्याने कुणी अर्ज फेकून देत नाही, पण उगाच कशाला.

आता मुख्य गोष्ट. प्रश्न विचारू नका, कागद मागा. "तपास कुठवर आला?" हा अर्ज नव्हे. कायदा त्यांच्याकडे असलेली नोंद द्यायला लावतो, तुमच्यासाठी नवीन उत्तर लिहायला लावत नाही. तपासाचं डिटेक्टिव्हला फोन करून विचारा. आणि "माझ्या केसचं सगळं द्या" असंही लिहू नका. कायद्याने ते मागता येतं, पण मग ईमेल, फोटो, व्हिडिओ सगळं शोधून, तपासून, हप्त्याहप्त्याने यायला लागतं आणि तुम्हाला हवी असलेली चार पानं त्यात अडकून पडतात. म्हणून पहिला अर्ज फक्त रिपोर्टचा. मजकूर असा, इंग्रजीत करून घ्या:

"अमुक केस नंबर, अमुक तारीख, अमुक पत्ता. या घरफोडीचा पहिला इन्सिडंट रिपोर्ट, त्याला जोडलेले पुरवणी रिपोर्ट आणि चोरीच्या मालाची यादी मिळावी. मी या केसमधली फिर्यादी आहे. प्रती ईमेलने चालतील."

बस. का हवंय ते लिहायची गरज नाही, सहसा त्यांनाही ते विचारता येत नाही. रामकहाणी तर मुळीच नको, कारण तुमचा अर्ज हाही एक पब्लिक रेकॉर्डच होतो.

अर्ज पोचल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लोक समजतात ५ दिवसांत रिपोर्ट येतो. तसं नाही. तेवढ्यात ते रेकॉर्ड देतील, किंवा नाकारतील, किंवा काही स्पष्ट करून मागतील, किंवा "मिळाला, अंदाजे अमुक तारखेपर्यंत देऊ" म्हणतील. बहुतेक वेळा हे शेवटचंच. खुलासा मागितला आणि तुम्ही गप्प बसलात तर अर्ज बंद करू शकतात. तेव्हा स्पॅम फोल्डर बघत जा.

खर्च किरकोळ. कायद्यातला ठरीव दर छापील पानाला १५ सेंट, स्कॅनला १० सेंट. जाऊन नुसतं वाचायला काही नाही. 'कुणाचाही पोलीस रेकॉर्ड मिळवा' म्हणत महिन्याची वर्गणी घेणाऱ्या साइटवर कार्ड नंबर टाकू नका.

तुमच्या नवऱ्याचं: अर्ज कोण करतोय यावरून भेद करायचा नाही असं कायद्यातच आहे. नागरिकत्व, व्हिसा यांचा संबंध नाही. अर्जात तो विषयच काढू नका.

दागिन्यांच्या यादीचं मात्र बरोबर बोललात. तत्त्वतः रिपोर्ट कुणालाही मागता येतो. पण माहिती उघड झाल्याने जिवाला, सुरक्षिततेला किंवा मालमत्तेला धोका असेल तर फिर्यादी आणि साक्षीदारांची ओळख झाकता येते, आणि तक्रार देतानाच "माझं नाव उघड करू नका" असं सांगितलं असेल तर ती इच्छा धरली जाते. तुम्ही तेव्हा काही सांगितलं होतं का बघा. नसेल तर आत्ता केस नंबर घालून लेखी कळवा. बँक खात्याचे, लायसन्सचे नंबर तसेही काळे करतात.

आरटीआयवाला_सांगली

कागद मागा, प्रश्न नको, हे वाचून हसू आलं. इकडे आम्ही हेच सांगून थकलो. माहिती अधिकारात "रस्ता का झाला नाही?" असं विचारलं की अर्ज गेलाच. मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली की धावपळ सुरू. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. पण आपला २००५चा कायदा फक्त नागरिकांना, तिकडे व्हिसावाल्यालाही मिळतं हे नवीन कळलं.

लाउडनकर

सगळीकडे मिळत नाही हं! आमच्या व्हर्जिनियात कायदा राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला नाही म्हणू शकतात. २०१३ साली सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. ॲशबर्नवाल्यांनी लक्षात ठेवा, आपल्याकडे पोलीस म्हणजे लाउडन काउंटीचे शेरीफच. उलट फ्लोरिडात तोंडी मागितलं तरी चालतं, नावही सांगायची सक्ती नाही. थोडक्यात, आपल्या राज्याचा कायदा वाचा. दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला चालेलच असं नाही.

कॅनडा_स्वप्न

कॅनडा पीआरसाठी पोलीस क्लिअरन्स हवंय, तेही या पोर्टलवरूनच का?

रेनियरकर

नाही, ते वेगळं. अमेरिकेतल्या वास्तव्यासाठी ते एफबीआयकडून बोटांचे ठसे देऊन घेतात, फी १८ डॉलर. शेरीफकडे फार तर ठसे घेऊन मिळतील. अजून एक लोक हमखास चुकतात ते अपघाताचं. गाडी ठोकली तर कोलिजन रिपोर्ट वॉशिंग्टन स्टेट पेट्रोलकडे मागायचा, रिपोर्ट कुठल्याही खात्याने लिहिलेला असो.

केतकीताई, तुमचे दोन प्रश्न राहिले. बॉडीकॅमसाठी वेगळा अर्ज करा. त्यात केस नंबर, किंवा घटनेतल्या व्यक्तीचं नाव, किंवा तारीख-वेळ-ठिकाण, किंवा डेप्युटीचं नाव, यातलं काहीतरी द्यावंच लागतं. इतरांचे चेहरे झाकायचा खर्च मागणाऱ्याकडून घेता येतो, पण घटनेशी थेट संबंधित माणसाला तो लागत नाही. खरं विचाराल तर क्लेमसाठी त्या व्हिडिओचा काय उपयोग? फुटलेली काच फोटोतही दिसते. ९११च्या कॉलचं रेकॉर्डिंग हवं असेल तर मात्र थांबू नका, ती फार काळ ठेवत नाहीत.

आसपासच्या घरफोड्यांसाठी रिपोर्ट मागू नका. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक रस्त्यांवरच्या घरफोडीच्या कॉलची यादी मागा. डिस्पॅचच्या, म्हणजे ९११चे कॉल घेऊन पोलीस पाठवणाऱ्यांच्या, संगणकात ती असते, चटकन निघते.

केतकी_सॅमॅमिश

खूप खूप आभार! तुमचा मजकूर जवळजवळ तसाच टाकला. पोच आली, अंदाजे तारीखही आली. पण तपास चालू असेल तर देणारच नाहीत असं एकाने घाबरवलंय.

रेनियरकर

अर्धं खरं. चालू तपासाची अख्खी फाइल रोखून धरता येते, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा निकाल आहे तसा. म्हणूनच पहिला इन्सिडंट रिपोर्ट वेगळा मागायला सांगितलं. तोपर्यंत ॲडजस्टरला, म्हणजे तुमचा क्लेम बघणाऱ्या इन्शुरन्सवाल्याला, अर्जाची पोच आणि केस नंबर लेखी पाठवा, म्हणजे उशीर तुमच्या माथी येणार नाही. बऱ्याच कंपन्या रिपोर्ट स्वतःही मागवतात, विचारून बघा. आणि पॉलिसी काढून वाचा. साध्या घराच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला बहुतेक वेळा १५०० डॉलरची मर्यादा असते, वेगळी जोड घेतली असेल तरच पुढचं. हे आधी कळलं तर पुढची किती खटपट करायची ते ठरवता येईल.

केतकी_सॅमॅमिश

वेगळी जोड घेतली होती, नशीब! रिपोर्टही आला. मालाची यादी नीट आहे, पण मधल्या काही ओळी काळ्या केल्यात. त्यावर भांडायचं का?

रेनियरकर

सोबत काय झाकलं आणि कुठल्या कलमाखाली, याचा तक्ता आला असेल, तो द्यावाच लागतो. पटलं नाही तर त्यांच्याकडेच फेरविचार मागा. तिथेही नाही म्हणाले तर काउंटीच्या सुपिरियर कोर्टात जाता येतं, मुदत एक वर्ष. चुकीने रोखलं असं ठरलं तर कोर्ट दिवसाला १०० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. पण आधी तक्ता बघा. पट्टीखाली शेजाऱ्यांचा फोन नंबर असेल तर राहू द्या, ॲडजस्टरला त्याचं काही नाही.