पिकअपचं ब्रेक पेडल मऊ लागतंय, एअर काढूनही फरक नाही

घाटवाट_ओतूर:
नमस्कार मंडळी. 2008 ची डिझेल पिकअप आहे, पुढे डिस्क मागे ड्रम. टोमॅटो-कांद्याला चालते, नारायणगाव मार्केट तर नेहमीचंच आणि सीझनला माळशेज उतरून कल्याणला पण जाते. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक ढकलणारा छोटा सिलिंडर) गळत होता म्हणून मागचे दोन्ही सिलिंडर आणि लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) नवीन टाकून घेतले, तेव्हापासून पेडल मऊ लागतंय. पहिल्या दाबाला अर्ध्याच्या खाली जातं, दोन-तीन पंप मारले की वर येतं आणि ब्रेक बरा लागतो. गॅरेजवाल्याने परत परत ब्रेक लाइनमधली एअर काढली, ऑइल कुठेच गळत नाही, डबीतली लेव्हल पण तशीच आहे. आता तो म्हणतोय मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) गेलाय, नवीन आणा. गाडीवर माझा पुतण्या असतो आणि अशा पेडलवर त्याला माल भरून घाटात पाठवायला मन तयार होत नाही. मास्टरच असेल का अजून काही?

सह्याद्री_डिझेल:
जुनी गाडी आहे तर मास्टरच असणार. आतले रबर वॉशर कडक होतात. आणि किट, म्हणजे नुसते आतले रबर, टाकत बसू नका, बोअरला चरे पडले असतील तर किट टिकत नाही, पूर्ण मास्टरच बदला.

मिस्त्री_कराड:
दादा थांबा, मास्टर लगेच आणू नका. इंजिन चालू ठेवून पेडलवर सारखा दाब धरा, अर्धा मिनिट तरी. स्टार्टर मारल्यावर पेडल किंचित खाली जातं ते बूस्टरमुळे, म्हणजे पायाला जोर देणाऱ्या डब्यामुळे, ते बरोबरच आहे, त्याने घाबरू नका. पण त्यानंतर पाय तसाच धरला असताना पेडल हळूहळू फ्लोअरकडे सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टर आतल्या आत ऑइल पास करतोय, मग बदला. सरकत नसेल, नुसतं खाली जाऊन थांबत असेल आणि पंपावर चढत असेल तर एअर आहे नाहीतर मागचे शू (लायनर बसवलेल्या पट्ट्या) ड्रमपासून लांब राहिलेत. नवीन लायनर टाकल्यावर ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) नीट वर घेतला नाही की हमखास हेच होतं, सिलिंडरचा पिस्टन शू ड्रमला टेकवण्यातच पेडलची अर्धी चाल खातो. हे ओळखायला हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबून बघा, पेडल वर आलं आणि कडक लागलं तर दोष मागच्या ॲडजस्टमेंटमध्ये आहे.

दुसरं म्हणजे पिकअपला मागच्या ॲक्सलपाशी स्प्रिंग नाहीतर रॉड जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, लोड व्हॉल्व्ह म्हणतो आम्ही. गाडी रिकामी असली की तो मागचं प्रेशर कमी करतो म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही, आणि माल भरून बॉडी खाली बसली की प्रेशर वाढवतो. आता गॅरेजमध्ये काय करतात, चॅसीला जॅक लावून मागची बाजू उचलतात, ॲक्सल खाली लोंबकळतो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी एकदम रिकामी आहे आणि मागे ऑइल जोरात सुटतच नाही, मग एअर आतच राहते आणि तुम्ही कितीही निप्पल (हवा काढायचा स्क्रू) उघडझाक करा पेडल मऊच. मागची एअर काढताना गाडी चाकांवर उभी पाहिजे नाहीतर जॅक ॲक्सलखाली पाहिजे. काही गाड्यांना त्या व्हॉल्व्हलाच वेगळा निप्पल असतो, मातीने भरलेला असतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, तो सुद्धा उघडायचा. लांबच्या चाकापासून सुरू करा म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी ड्रायव्हर साइड. पेडल सावकाश दाबायचं, आणि वरून पाय काढायच्या आधी निप्पल बंद झालाच पाहिजे, नाहीतर तीच हवा परत आत ओढली जाते.

जुनं_ते_सोनं_पुणे:
मिस्त्रींशी सहमत. अजून एक बघा, रबरी होज पाइप किती जुने आहेत? एकाला पेडल दाबायला लावा आणि तुम्ही होजवर हात ठेवा, फुगत असेल किंवा वरून तडे दिसत असतील तर बदलून टाका. आणि सगळं ऑइलच नवीन भरा कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट हा ब्रेक ऑइलचा ग्रेड, त्यात डॉट 3 नवीन असताना 205 अंशाच्या आत उकळता कामा नये असं स्टँडर्ड आहे, पण पाणी मुरल्यावर तीच अट 140 वर येते, डॉट 4 ला 230 आणि 155. घाटात लोड घेऊन सारखा ब्रेक दाबत उतरलात की आतलं पाणी उकळून वाफ होते आणि वाफ दाबली जाते, तेव्हा पेडल थेट खाली बसतं आणि तेही नेमकं उतारावर. डॉट 3 च्या गाडीत डॉट 4 चालतं, पण सिलिकॉनचं डॉट 5 अजिबात टाकू नका, ते यात मिसळत नाही. कपाटात उघडी पडलेली अर्धी बाटली पण नको, सीलबंदच घ्या. आणि पुतण्याला सांगा उतरताना खालच्या गिअरमध्ये उतर, ब्रेक दाबून धरून नको.

घाटवाट_ओतूर:
मिस्त्री, तुमचे खूप आभार, बरोबर सापडलं. पेडल धरून ठेवलं तर अजिबात सरकलं नाही म्हणजे मास्टर ठीक. हँडब्रेक ओढल्यावर पेडल लगेच वर आलं. ड्रम काढले तर दोन्हीकडचे ॲडजस्टर पार आतच होते, ते वर घेतले. मग जॅक ॲक्सलखाली लावून एअर काढली, लोड व्हॉल्व्हचा निप्पल वायर ब्रशने साफ केला तेव्हा कुठे दिसला, त्यातून आधी काळपट ऑइल आणि बराच वेळ बुडबुडे निघत राहिले. ऑइल सगळं बदललं, डॉट 4 टाकलं. आता पहिल्याच दाबाला पेडल वरच थांबतंय. सध्या रिकामीच गावात फिरवतोय, माल नंतर. नवीन लायनर आहेत तर परत ॲडजस्ट करावं लागेल का?

मिस्त्री_कराड:
हो, लागेल. नवीन लायनर ड्रमच्या गोलाईला बसेपर्यंत थोडं झिजतं, म्हणून आठवडाभर चालवून परत बघा. चाक हाताने फिरवल्यावर किंचित घासल्याचा आवाज आला पाहिजे पण अडकायला नको. हँडब्रेकची केबल मात्र सगळ्यात शेवटी ओढायची, आधी ओढली तर शू टेकलेलेच राहतात आणि ड्रम तापतो. पहिल्या फेरीनंतर मागच्या दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका, एक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर त्या बाजूचा ॲडजस्टर जरा मागे घ्या.