फाशीची शिक्षा झालेल्या बाईसाठी मोहीम: सुरुवात कुठून करावी?

आडवाट:
उच्च न्यायालयाने एका बाईची फाशी कायम केली आहे. आम्ही काही जणी सह्या गोळा करून राष्ट्रपतींना निवेदन देणार आहोत. "ती दोन मुलांची आई आहे" हा मुद्दा पुढे ठेवावा का? आणि लहान मुलांच्या अपहरण-खुनांच्या खटल्यात फाशी सुनावलेल्या कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी नेमकी कशामुळे टळली?

आवक_जावक:
सह्यांच्या आधी तारखा बघा. सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल झालंय का, वकील कोण, हे आजच विचारा. दयेच्या अर्जाला आता मुदत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७२ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळल्याचं, किंवा अपिलाची मुदत संपली असेल तर फाशी कायम झाल्याचं, तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवस, आणि राज्यपालांनी नाकारल्यावर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस. हा अर्ज ती स्वतः, तिचे वारस किंवा नातेवाईकच करू शकतात. तुमच्या निवेदनावर लाखभर सह्या असल्या तरी तो दयेचा अर्ज ठरत नाही. म्हणून नातेवाईक गाठा, अर्ज तुरुंगामार्फत द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

गावित बहिणींच्या बाबतीत या तारखाच कामी आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फाशी कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दया नाकारली. पण अर्जांवर निर्णय व्हायला ७ वर्षे १० महिने १५ दिवस लागले होते. या दिरंगाईवरून मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेप दिली. गुन्हा सौम्य होता असं कोर्टाने कुठेही म्हटलं नाही, सुटकाही दिली नाही. फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस पडली हे माहिती अधिकारात विचारत राहा. फक्त तारखा मागा. अभिप्राय मागितले की नकार येतो.

तिसरी_बाजू:
फाशीच्या वॉरंटवर, म्हणजे फाशीची अंमलबजावणी करा असं सांगणाऱ्या कोर्टाच्या हुकमावर, डोळा ठेवा. उत्तर प्रदेशात फाशीची शिक्षा झालेल्या शबनमचं सर्वोच्च न्यायालयातलं अपील १५ मे २०१५ ला फेटाळलं गेलं आणि २१ मे ला सत्र न्यायालयाने वॉरंट काढूनही टाकलं. पुनर्विचार याचिका आणि दयेचा अर्ज हे दोन्ही मार्ग शिल्लक होते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २७ मे ला ते वॉरंट रद्द केलं. पुनर्विचाराची सुनावणी फाशीच्या प्रकरणात खुल्या कोर्टात, किमान तीन न्यायमूर्तींपुढे होते. तिथे वकील उभा राहिलाच पाहिजे. दया नाकारल्याचं कळवल्यावरही फाशीपूर्वी किमान १४ दिवस द्यावे लागतात (सर्वोच्च न्यायालयाचा शत्रुघ्न चौहान खटल्यातला निकाल, २०१४).

आईपणाचा मुद्दा जरूर मांडा, पण नुसत्या घोषणेने भागणार नाही. तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल, मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी, लहानपणापासूनची हकीकत, मुलं कोण सांभाळतंय याचे कागद जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या मनोज खटल्यातल्या निकालाने (२०२२) हे सगळं शिक्षा ठरवण्यापूर्वी कोर्टापुढे यायला हवं असं सांगितलंय. खालच्या कोर्टात ते आलं नसेल तर अपिलातला तो भक्कम मुद्दा आहे.

आवक_जावक:
एक राहिलं. पत्रकात मृताच्या घरच्यांबद्दल एकही वाकडा शब्द नको. त्यांचं माणूस गेलंय. आणि वकिलांना दाखवल्याशिवाय काहीही छापू नका; "ती तेव्हा रागात होती" असं एखादं वाक्य अपिलातल्या बचावालाच छेद देतं.

आडवाट:
उद्या तिच्या भावाला भेटतोय. सह्या थांबवल्या.