मदत हवी आहे : चॅटच्या कोडिंगमध्ये कप्पा (kappa, जुळणीचा आकडा) खूप कमी येतोय
नमस्कार मंडळी, नाशिकला एम.एड. करतेय, डेझर्टेशनसाठी बी.एड.च्या मुलांना व्हॉट्सअॅपवर लासलगावच्या कांद्याच्या भावावर चर्चा करायला लावली (परवानगी घेऊन, नावं काढून टाकलीयत) आणि आता कोडिंगला, म्हणजे मेसेज ठरावीक गटांत टाकायला, गाडी अडलीय. ऑनलाइन चर्चेतून ज्ञान कसं घडत जातं याचं गुणवर्धना वगैरेंचं १९९७चं पाच टप्प्यांचं मॉडेल घेतलंय, म्हणजे माहिती सांगणं, मतभेद, वाटाघाट, पडताळणी, मग एकमत. पण मुलं एक वाक्य तीन मेसेजमध्ये तोडतात! "निर्यातबंदी उठली की", सेंड, "भाव वाढेलच", सेंड, "पण शेतकऱ्याला मिळेल का". मग कोडिंगचं एकक म्हणून एकेक मेसेज धरू की पूर्ण मुद्दा?

दुसरं म्हणजे मी आणि मैत्रिणीने वेगवेगळं कोडिंग केलं, जुळतंय बरंच, तरी कोहेनचा कप्पा (योगायोगाची जुळणी वगळून दोघींचं कोडिंग किती जुळतं ते सांगणारा आकडा) पार खाली. जवळपास सगळे मेसेज पहिल्याच टप्प्यात पडले की असं होतं हे वाचलंय, पण गाइडना दाखवू काय, नुसती टक्केवारी त्यांना चालत नाही, आणि बरोबरच आहे म्हणा, योगायोगाने जुळलेलं त्यात धरलं जातं. क्रिपेनडॉर्फचा अल्फा (जुळणी मोजायचं दुसरं माप) काढून फरक पडेल का, की तिथेही हेच रडगाणं? कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, कॉलेज रोडला चहा माझ्याकडून.