मदत हवी आहे: मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी मानधन देऊन वादक आणावेत का?

नमस्कार मंडळी,

आमचा हौशी सिम्फनी वाद्यवृंद आहे. सगळे आपापला नोकरी-धंदा सांभाळून तालमीला येतात आणि कार्यक्रमातून जमणारा पैसा गरजू रुग्णांच्या उपचारांसाठी जातो. कुणीही मानधन घेत नाही. तारा, रीड, येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्याचा. व्यवस्थापन माझ्याकडे आहे.

व्हायोलिन आणि फ्लूटवाले हवे तेवढे आहेत, पण व्हायोलावर (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं तंतुवाद्य) एकच जण आणि 'बसून' (bassoon, खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य) वाजवायला कुणीच नाही. पुढच्या कार्यक्रमातल्या संथ भागात बसूनची एकट्याची एक ओळ आहे. तालमीत तिथे आलो की कंडक्टर ती स्वतः गातात आणि त्यांच्या आवाजावरून क्लॅरिनेटवाले आत येतात. रंगमंचावर हे कसं चालणार? व्हायोलाचं तर विचारूच नका. वर चाल ऐकू येते, खाली चेलो आणि डबल बास ही खर्जातली मोठी तंतुवाद्यं ऐकू येतात, मधलं सगळं रिकामं.

काहींचं म्हणणं, व्यावसायिक वादक मानधन देऊन आणा, लोक तिकीट काढून येतात, त्यांना नीट ऐकवलं पाहिजे. ते मला पटतं. पण मग वर्षानुवर्षं पदरमोड करून येणारा माणूस शेजारच्या खुर्चीवरच्याला पाकीट मिळताना बघणार. आणि ते मानधन जाणार रुग्णांच्या पैशातून. परवा एका देणगीदारांनी सरळ विचारलं, माझ्या शंभरातले किती पोचतात? मला हे उत्तर न अडखळता देता यायला हवं.

ज्यांनी असे वाद्यवृंद चालवले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, पैशाचं नंतर बघा, आधी स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली प्रत) उघडा. जुन्या रचनांत बसून बराच वेळ चेलो-बासचीच ओळ वाजवतो. तेवढी गेली तर रंग कमी होतो, पण संगीत मोडत नाही. फक्त एकट्याच्या जागांवर खूण करा आणि त्या एका चेलोवाल्याला द्या. बसून आणि चेलो दोघांचंही लेखन मुख्यतः बास आणि टेनर क्लेफमध्ये असतं (क्लेफ म्हणजे कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे सांगणारी खूण), त्यामुळे बसूनच्या ओळीचा कागद जसाच्या तसा समोर ठेवता येतो.

व्हायोलाचा भाग मात्र व्हायोलिनवर ढकलू नका. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार 'जी' (G) स्वराची, व्हायोलाची त्याच्याही खाली 'सी' (C) स्वराची. नेमके ते खालचे स्वरच गळतील. त्यापेक्षा व्हायोलिनमधल्या दोघा-तिघांना व्हायोला हातात द्या. बोटांची सवय तीच, अंतरं थोडी मोठी, आल्टो क्लेफ तेवढा नव्याने वाचायला शिकावा लागतो. मागच्या रांगेतले लोक यात खुलतात, हे मी स्वतः पाहिलंय.

प्रतिसाद २

मानधन देण्यात कमीपणा मानू नका. हॅन्डेल या संगीतकाराचा 'मसाया' (गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) १७४२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा झाला तोच मदतीसाठी, आणि त्या पैशातून कर्जापायी तुरुंगात असलेले १४२ जण सुटले. जास्त लोक मावावेत म्हणून बायकांना घेरदार झग्याची हूप (झगा फुगवणारी कडी) न घालता आणि पुरुषांना तलवार न लावता यायची विनंती केली होती! पुढे लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये, सोडून दिलेल्या मुलांसाठी तो होत राहिला. तिथला १७५४ चा हिशेब आजही आहे. त्यात वादकांना दिलेले पैसे लिहिलेले आहेत. सहा व्हायोला आणि चार बसूनसुद्धा.

मुद्दा एवढाच की ते लिहिलेलं आहे. तुम्ही दोन खाती वेगळी ठेवा. सभासद वर्गणी आणि प्रायोजक यांच्यातून सभागृह, नोटेशनचं भाडं, बाहेरचे वादक. तिकिटं आणि दानपेटी पूर्ण रुग्णांची. ते जमणार नसेल तर तिकिटावरच छापा, 'खर्च वजा जाता उरलेली रक्कम'. दानपेटी दोघांनी मिळून मोजायची, ज्या संस्थेला पैसे देता तिची पावती सगळ्यांना दाखवायची.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चेलोवर ती ओळ करून बघते. व्हायोलासाठी दोघांना विचारलं, एक जण लगेच तयार झाली. दोन खात्यांचं पुढच्या बैठकीत मांडते.

एक उरतंच. तरीही कधी बाहेरचा वादक आणावा लागला, तर आपल्या माणसांना कसं सांगायचं?

प्रतिसाद १

आणायच्या आधी सांगायचं, तालमीत, सगळ्यांसमोर. कोणतं वाद्य, का, आणि पैसे कुठल्या खात्यातून. त्याआधी आठवडाभर मुदत द्या, कुणाच्या ओळखीत फुकट वाजवणारा आहे का बघायला. आमच्याकडे दोनदा असाच माणूस मिळाला, आणि त्यातला एक आता कायमचा आमचा आहे.