जागेच्या बदल्यात आठवड्याला ४० तास: रास्त आहे का?

प्रश्न: निवृत्तीनंतर आम्ही दोघं आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन अमेरिकेत फिरतो. अशा गाड्या लावून राहायच्या एका खासगी तळाने (कॅम्पग्राउंडने) उन्हाळ्यासाठी बोलावलंय. जागा, वीज, पाणी फुकट. बदल्यात प्रत्येकी आठवड्याला २० तास काम. संडास-बाथरूम धुणं, गवत कापणं, ऑफिसात नोंदणी. रोख शून्य. एरवी तीच जागा महिन्याला ६०० डॉलरला मिळते. बायको म्हणते जाऊ या, मला पटत नाही.

उत्तर: पटू नयेच! दोघांचे महिन्याला साधारण १७२ तास होतात, म्हणजे तासाला साडेतीन डॉलरही पडत नाहीत. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे, कित्येक राज्यांत त्याहून जास्त. ७.२५ धरले तरी दोघांचे मिळून आठवड्याला १९ तास झाले की जागेचे पैसे फिटले. पुढचा प्रत्येक तास रोखीने मागा. आम्ही तसंच ठरवतो, आणि चांगले मालक देतात.

उत्तर: एक सावधगिरी. वर्षात सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या करमणुकीच्या ठिकाणांना केंद्रीय किमान वेतनातून सूट मिळू शकते, म्हणून त्या राज्याचा कायदा आधी बघा. आणि ‘तुम्ही स्वयंसेवक’ असं म्हणाले तर मान्य करू नका. सरकारी उद्यानात ते चालतं, नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात नाही.

उत्तर: तास, विजेची मर्यादा, दोघांना एकाच दिवशी सुट्टी, सगळं निघण्याआधी लेखी घ्या.