सोलापुरातून मेंदूदान : व्हायला हवं की नको?

जुळे_सोलापूरकर : नेत्रदान, देहदान आपल्याकडे आता नवं राहिलं नाही. मेंदूदान म्हटलं की मात्र लोक दचकतात. बंगळुरूच्या निमहान्समध्ये, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत, १९९५ पासून मेंदूची पेढी आहे; दान केलेले मेंदू तिथं संशोधनासाठी जपतात. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मध्यमेंदूतला काळसर पट्टा फिकट पडतो, पेशींत प्रथिनांचे गोळे साचतात. ते गोळे एमआरआयवर दिसत नाहीत, मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजात मेंदू काढून तिकडे पाठवायची सोय व्हावी, असं माझं मत.

पूर्वभागवाली : दादा, बोलायला सोपंय. मेंदू काही तासांत काढायचा असतो. आमच्याकडे माणूस गेला की तासाभरात तिरडीचं सामान दारात. सही करणारी बाई नुकतीच विधवा झालेली, तिला तुम्ही कवटीचं विचारणार?

जुळे_सोलापूरकर : ताई, म्हणूनच जिवंतपणी बोलून ठेवायचं. छेद मागे केसांत घेऊन शिवतात, चेहरा होता तसाच राहतो. देह घरी येतो, अंत्यविधी नेहमीसारखे.

पावर_लूम : मेलेल्यांचं राहू दे बे! जिवंत पेशंटला पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाच्या महिन्याच्या गोळ्या परवडंनात. पैसा आधी तिकडं लावा की.

जुळे_सोलापूरकर : ती गोळी आली कुठून? १९६० साली व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकेविच या संशोधकांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूतलं डोपामाइन (पेशींमधले निरोप नेणारं रसायन) मोजलं, ते फारच कमी भरलं. पुढच्याच वर्षी, ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं ते लेव्होडोपा रुग्णांना शिरेतून देऊन पाहिलं.

पावर_लूम : हे माहीत नव्हतं, मान्य. पण त्या मेलेल्यांना कुणी विचारलं होतं का? आणि उद्या औषध निघालं तर सोलापूरला स्वस्तात देणारेत का? फुकट घ्यायचं आणि महाग विकायचं, हा धंदा आम्हाला शिकवू नका.

जुळे_सोलापूरकर : किमतीचं भांडण खरंच आहे, माझ्याकडं उत्तर नाही. पण दान अडवून ते सुटणार नाही.

निवृत्त_मास्तर : मला कसलाच मेंदूविकार नाही. माझा चालेल का?

जुळे_सोलापूरकर : चालेल काय, लागतोच सर! रोगी मेंदूत काय बिघडलं हे निरोगी मेंदू शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पूर्वभागवाली : सर, तुमचा देहदानाचा फॉर्म भरलाय ना? मेंदू काढलेला देह कॉलेजं सहसा घेत नाहीत हो.

निवृत्त_मास्तर : मग सूनबाईंना विचारून ठरवतो. सही तिलाच करायचीय.