युद्धानंतर हरितगृहाचा संच द्यावा की रोख रक्कम?

कोरडवाहू (धागाकर्ता):
परवा एका सभासदांनी असे लिहिले की, युद्धात होत्याचे नव्हते झालेल्या छोट्या भाजीपाला उत्पादकाला सांगाडा, प्लास्टिकचा कागद, ठिबकच्या नळ्या आणि बियाणे असा तयार संच द्यावा. रोख रक्कम मात्र कदापि देऊ नये, कारण "हातात पडलेला पैसा घरात जिरतो". ज्याच्या घराचे छप्पर उडाले आहे, त्याने पैसा आधी घरात जिरवला तर त्यात गैर काय? युक्रेनमध्ये खेरसोन शहर आणि नीपर नदीचा उजवा तीर नोव्हेंबर 2022 मध्ये रशियाच्या ताब्यातून मोकळा झाला, तेव्हा शेतात पाऊल ठेवण्याआधी सुरुंग काढणे भाग होते. पुढे 6 जून 2023 रोजी त्याच नदीवरचे काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले आणि त्या जलाशयावरचे कालवे कोरडे पडले. अशा ठिकाणी ठिबकच्या नळ्या वाटल्या, तर त्यांत सोडायचे काय? एकाला विंधनविहीर लागेल, दुसऱ्याला जनरेटर, तिसऱ्याला नुसता कागद. आणि हे त्या तिघांनाच ठाऊक असते.

हिशेबनीस:
ते सभासद म्हणजे मीच. छप्पर आधी दुरुस्त करू नये असे मी कुठेही म्हटलेले नाही. घरासाठी वेगळी मदत द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरता. युद्धानंतर बाजारात गॅल्व्हनाइज्ड पाईप आणि अतिनील किरणांना टिकणारा कागद सहजासहजी मिळत नाही. सगळ्यांच्या हाती एकाच आठवड्यात पैसा आला की सगळे त्याच दोन व्यापाऱ्यांच्या दारात उभे राहतात आणि मदतीचा पैसा भाववाढीत जातो.

तिरकस:
संच काय आणि रोख काय, फुकटाची कदर कोणालाच नसते. गाझातली हरितगृहे आठवा. 2005 मध्ये इस्रायली वसाहती उठल्या, तेव्हा जागतिक बँकेचे माजी अध्यक्ष जेम्स वुल्फेनसन यांनी पुढाकार घेऊन देणगीदारांकडून 1 कोटी 40 लाख डॉलर उभे केले, सुमारे 3,000 हरितगृहे पॅलेस्टिनींच्या हवाली झाली आणि लोकांनी त्यांतले पंप व पाईप उचलून नेले.

बांधकरी:
अर्धी गोष्ट सांगून पसार होण्याची आपली सवय जुनीच आहे. लुटालूट झाली, हे खरे. पण त्यानंतर दुरुस्ती झाली, लागवड झाली आणि निर्यातीजोगा मालही निघाला, हे आपण गाळले. इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण यांच्या नोव्हेंबर 2005 च्या करारात वर्षअखेरीपर्यंत गाझा-इस्रायल सीमेवरच्या कार्नी नाक्यावरून निर्यातीचे रोज 150 ट्रक जातील असे ठरले होते. प्रत्यक्षात 2006 च्या सुरुवातीला, ऐन हंगामात, नाका वारंवार बंद राहिला आणि टोमॅटो, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी सडली. पंप चोरीला गेला तर दुसरा आणता येतो. पिकलेल्या टोमॅटोला नाका उघडेपर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

तिरकस:
नाका कोणी गंमत म्हणून बंद केला नव्हता. त्याच कार्नीवर जानेवारी 2005 मध्ये हल्ला होऊन सहा इस्रायली नागरिक मेले, हे कोण लिहिणार?

बांधकरी:
आपण लिहिलेत, आभारी आहे. आता एवढेच सांगा की, त्या हल्ल्याचा आणि "फुकटाची कदर नसते" या आपल्या सिद्धान्ताचा संबंध काय? माल सडला तो कदर नसल्यामुळे की रस्ता नसल्यामुळे?

तिरकस:
रस्त्यामुळे. झाले समाधान? पंप मात्र चोरीलाच गेले होते.

कोरडवाहू:
गाझासाठी दोघांनी स्वतंत्र धागा काढावा, ही हात जोडून विनंती.

पॉलिहाऊसवाला:
इथे कोणी कागद चढवलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. वादळात माझ्या पॉलिहाऊसचा कागद फाटला, तेव्हा एका योजनेतून नवा मिळाला. तो दोनशे मायक्रॉनचा होता, कागदात खोट नव्हती. पण रुंदीला वीतभर कमी भरला. तो जेमतेम कडेच्या पट्टीपर्यंत ओढला, तरी कागद पट्टीत अडकवून धरणाऱ्या जुन्या गंजलेल्या झिगझॅग स्प्रिंग खोबणीत बसेनात. वाटप करणाऱ्याकडे स्प्रिंगा मागितल्या, तर त्याने यादी पुढे केली आणि स्प्रिंग त्या यादीत नाही असे सांगितले. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात कागद पट्टीवर घासून पुन्हा फाटला. हा प्रकार युद्ध नसताना झाला. जिथे माप घ्यायला माणूसच पोचत नाही, तिथल्या संचाचे काय होत असेल, याचा हिशेबनीसांनी हिशेब मांडावा.

हिशेबनीस:
एका स्प्रिंगवरून धोरण ठरत नसते. तरीही मापाचा मुद्दा मान्य करावा लागतो, कारण धक्क्याने आणि आगीने वाकलेला सांगाडा कोणत्याच ठरीव मापात बसणार नाही. माझी माघार इथपर्यंतच: पाईप आणि कागद घाऊक खरेदी करून गावाजवळच्या गोदामात ठेवावेत, शेतकऱ्याला कूपन द्यावे, त्याने आपल्या मापाचे कापून न्यावे आणि स्प्रिंग, पंपाची दुरुस्ती, मजुरी यांसाठी रोख रक्कम हप्त्याने द्यावी.

कोरडवाहू:
म्हणजे रोख द्यावी, फक्त "रोख" म्हणू नये! चालेल. पण कागद चारेक वर्षांत बदलावा लागतो. तोवर देणगीदार दुसऱ्या युद्धाकडे वळलेला असतो आणि कूपनही संपलेले असते. त्या दुसऱ्या कागदाचे पैसे पिकातून सुटायचे असतील, तर पहिल्या वर्षीच माल उचलणारा व्यापारी आणि सुरू असलेला रस्ता हवा; त्यासाठी कोणाच्याच यादीत रकाना नाही.

हिशेबनीस:
रकाना मी घालतो. मात्र हप्ता सोडण्याआधी पाहणी कोणी करायची आणि पाहणाऱ्याच्या गाडीचे डिझेल कोणत्या खात्यातून टाकायचे, हे आपण सांगा.